एका प्याद्याचा हिशेब

टोरांटो येथे एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेत तिसऱ्या फेरीला नाशिकचा विदित गुजराथी आणि चेन्नईचा प्रज्ञानंद समोरासमोर आले. काळी मोहरी घेतलेल्या प्रज्ञानंदने तिसऱ्याच खेळीला राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. स्वतःच्याच राजाची तटबंदी सैल करणारी ही खेळी! अशा सुरुवातीला गॅम्बिट म्हणतात. प्यादे देऊ करायचे आणि त्या बदल्यात वेळ व पुढाकार मिळवायचा. आदल्याच फेरीत नाकामुराला नमवणारा विदित हा डाव हरला.

गॅम्बिट म्हणजे जुगार नव्हे. जुगारी नशिबावर हवाला ठेवतो. गॅम्बिट खेळणारा घरून हिशेब मांडून येतो. काय द्यायचे आणि त्याचे काय मिळेल, याचा विचार त्याने केलेला असतो.

आपल्या लातूर-नांदेडकडच्या अनेक घरांत मात्र एक बळी हिशेबाविना दिला जातो. मूल दहावीत गेले, की बुद्धिबळाचा पट माळ्यावर जातो. पुढे ‘नीट’चे ७२० गुण आणि रविवारीसुद्धा चाचणी. लातूर पॅटर्नने साध्या घरांतली मुले डॉक्टर केली, याचा अभिमान आहेच. पण त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. शंका आली की प्रश्न सोडावा, हे मूल शिकते. पटावर खेळी सोडता येत नाही. घड्याळ चालू असते, निर्णय घ्यावाच लागतो. उद्या दवाखान्यात रुग्ण समोर आल्यावर याहून वेगळे काय असणार?

विदितचे आईवडील डॉक्टर. २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखचेही डॉक्टरच. त्यांनी मुलांचा पट आवरायला लावला नाही.

प्रत्येक मूल ग्रँडमास्टर होणार नाही, तशी गरजही नाही. दोन्ही शहरांतील शाळा-महाविद्यालयांनी चार-चार खेळाडूंच्या संघांची साखळी स्पर्धा भरवावी. शिकवणी वर्गांनी महिन्यातला एक रविवार तिच्यासाठी मोकळा सोडावा. गुणवत्ता यादीत प्रत्येक जण एकटा असतो. संघात एकाचा पराभव उरलेले तिघे सावरू शकतात. टोरांटोत तो डाव हरलेला विदित पाच महिन्यांनी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता.

महिन्याचा एक रविवार म्हणजे एक प्यादे. पालकांनी ते एकदा देऊन पाहावे.