मुखवटा आणि कानाचे दडे

पाण्याखाली जाण्याची हौस असणाऱ्यांस, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणाऱ्या फुल फेस मास्कचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. कारण त्यात दातांमध्ये नळी धरून ठेवण्याची यातायात नाही, नाकाने सुखेनैव श्वास घेता येतो, आणि संभाषणाचे यंत्र जोडले असता सोबत्याशी बोलताही येते. परंतु ज्या कवचाने चेहऱ्याचे एवढे रक्षण केले त्यानेच आपल्या हाताला नाकाजवळ जाण्याची मनाई केली आहे, हे नवख्याच्या ध्यानात बहुधा पहिल्या दोन मीटरांतच, आणि तेही कानाच्या कळेने येते.

आंबोलीचा घाट उतरताना कानांना दडे बसतात व आवंढा गिळला की सुटतात. त्या सबंध घाटात हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा समुद्रात एक-दीड हात खाली जाताच वाढलेला असतो. १० मीटरांवर तर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागे हवा पोहोचण्यास घशाच्या वरच्या भागातून निघणारी यूस्टेशियन नलिका हा एकच मार्ग. ती एरवी मिटलेली असते, आणि दाबातील तफावत वाढू दिली तर अशी घट्ट बसते की मग कितीही जोर केला तरी उघडत नाही. असा जोर करणे नुसते निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. त्याने अंतःकर्णाचे नाजूक पटल फाटून कायमचे बहिरेपण आल्याची उदाहरणे वैद्यकास ठाऊक आहेत. सबब कान दुखण्यापूर्वीच मोकळे करावयाचे, आणि दुखलेच तर हट्ट न धरता थोडे वर यावयाचे.

मोकळे करण्याची सर्वपरिचित रीत, नाक चिमटीत धरून व तोंड मिटून हलकेच फुंकणे, ही वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरील ग्रंथ १७०४ सालचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन डॉक्टर हेरमान फ्रेंझेल यांनी वैमानिकांस शिकविलेल्या युक्तीत फुप्फुसांऐवजी जिभेच्या मागच्या भागाने हवा ढकलावयाची असते, म्हणून ती अधिक सौम्य; पण नाक तिलाही बंद लागते. केवळ टाळूचे व जबड्याचे स्नायू ताणून नलिका उघडणारे पाणबुडे आहेत खरे, मात्र ती विद्या सर्वांस साधत नाही. बाकीच्यांसाठी मुखवट्याच्या आत रबरी गादीची तजवीज असते: मुखवटा खालून वर दाबला की ती नाकपुड्यांना टेकून त्या बंद करते. करते, म्हणजे ती त्या माणसाच्या नाकाच्या बेताने लावलेली असेल तर! दुकानदार मुखवट्याची काच किती रुंद आहे ते कौतुकाने सांगतो. गादीविषयी ग्राहकानेच विचारावे लागते.

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर हौशी पर्यटकांस स्कूबाचा अनुभव देण्याचा व्यवसाय चांगला रुजला आहे, आणि अशा ठिकाणी, मुखवटा साधा असो वा संपूर्ण, माझे म्हणणे एवढेच की कान मोकळा करण्याची कसोटी होडीत चढण्यापूर्वी कोरड्या जमिनीवर व्हावी, संपूर्ण मुखवटा असल्यास तो चेहऱ्यावर चढवूनच व्हावी, आणि जो तीत उतरला नाही त्यास पैसे परत मिळावेत. ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सर्व कळ तिथेच आहे. मुंबई-पुण्याहून सहकुटुंब आलेला, सर्दी झालेला गृहस्थ, एकदा भरलेले शुल्क बुडणार हे कळल्यावर सर्दीची वाच्यता करील कशाला? तो नाकात थेंब घालून उतरेल, थेंबांचा अंमल पाण्यातच ओसरेल, आणि वर येताना मध्यकर्णातील प्रसरण पावणारी हवा बाहेर पडण्यास वाट शोधीत राहील. पालथा पंजा हलवून कानाकडे बोट दाखविण्याची खूण त्यास शिकविलेली असली तरी, प्रशिक्षकापुढे व मुलांच्या देखत ती करण्याचा त्यास संकोच वाटणारच.

व्यावसायिकांची हरकत मला ठाऊक आहे: पैसे परत करण्याची मुभा ठेवली तर होडी अर्धी रिकामी जाईल आणि डिझेलचा खर्च अंगावर पडेल. हरकत रास्त आहे. मग किनाऱ्यावरील शिकवणीचे शुल्क वेगळे घ्यावे, ते परत करू नये, आणि पाण्यात उतरण्याचे शुल्क कसोटी झाल्यावरच वसूल करावे.