वर्गणीतला खेळ

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘वर्गणी’ हा शब्द आपल्या कर्जत-खालापूर भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गणेशोत्सव आला, हरिनाम सप्ताह आला, गावची जत्रा आली, की पावतीपुस्तक घेऊन मंडळाची मुले दारात उभी राहतात. कुणी एकशे एक रुपये देतो, कुणी पायलीभर तांदूळ देतो, कुणी ‘पगार झाला की या’ असे सांगून वाटेला लावतो. तरीही कार्य पार पडते. एकट्याच्याने जे झाले नसते ते गावाने मिळून केलेले असते. हाच आपला जुना शब्द आता ‘क्राउडफंडिंग’ असे इंग्रजी नाव घेऊन आपल्या मोबाइलवर अवतरला आहे, आणि या वेळी वर्गणी मागणारा देवासाठी किंवा क्रिकेटच्या सामन्यांसाठी मागत नसून पटावरच्या एका नव्या खेळासाठी मागतो आहे.

येत्या वर्षात असे कितीतरी खेळ जगभरच्या वर्गणीदारांच्या घरी पोहोचायचे आहेत. त्यांतला एक आमच्याकडे येणार आहे. आम्ही सहा मैत्रिणींनी प्रत्येकी नऊशे रुपये काढून एका खेळाची पेटी आगाऊ नोंदवली आहे. जंगलाला लागलेला वणवा सर्वांनी मिळून विझवायचा, असा तो खेळ आहे. त्यात एकटा कुणी जिंकत नाही. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. ही बातमी वर्गात पसरल्यावर कौतुक थोडे झाले आणि प्रश्न फार विचारले गेले. ‘खेळात कसले पैसे घालता?’ ‘वस्तू हातात नाही आणि पैसे आधी?’ ‘लहान मुली आहात का?’ या प्रश्नांना उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही पद्धत काय आहे ते पाहू. अमेरिकेत २००९ साली ‘किकस्टार्टर’ नावाची संस्था सुरू झाली. ज्याच्याकडे कल्पना आहे पण भांडवल नाही अशा माणसाने तिथे आपली योजना मांडायची, किती रक्कम लागेल ते सांगायचे आणि मुदत द्यायची. मुदतीत तेवढी रक्कम जमली तरच लोकांचे पैसे कापले जातात. नाही जमली तर कुणाचा एक पैसाही जात नाही. चित्रपट, पुस्तके, यंत्रे अशा पुष्कळ गोष्टी या मार्गाने झाल्या, पण सर्वांत भरभराट झाली ती खेळांची. २०२० साली ‘फ्रॉस्टहेवन’ नावाच्या एका पटावरच्या खेळाला ८३ हजारांहून अधिक लोकांनी मिळून जवळजवळ १ कोटी ३० लाख डॉलर दिले. पुठ्ठ्याच्या पेटीसाठी एवढी रक्कम! आणि ही माणसे कोण? बहुतेक आपल्यासारखीच, संध्याकाळी चार जण टेबलाभोवती बसावेत असे वाटणारी.

हे सगळे साता समुद्रापलीकडचे आहे असे कुणी समजू नये. मुंबईच्या झैन मेमन यांनी रचलेला ‘शासन’ हा खेळ २०१९ साली याच मार्गाने उभा राहिला, आणि त्याचा पुढचा भाग ‘शासन : आझादी’ २०२१ साली. या खेळात प्रत्येक खेळाडू राजकारणी असतो. त्याला धोरणाचे प्रश्न विचारले जातात, आणि तो जे उत्तर देईल त्याप्रमाणे त्याला पैसा, दबदबा, प्रसिद्धी किंवा लोकांचा विश्वास मिळतो. त्या भांडवलावर मतदार आपल्याकडे ओढायचे. राज्यशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या घेणारी आमची एक मैत्रीण हा खेळ खेळताना मतदारसंघांच्या सीमांवरून अर्धा तास भांडत होती. एखाद्या तत्त्वाची किंमत काय, आणि ते सोडल्यावर किती मते मिळतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या हाताने मते उचलताना कळणे वेगळे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की खेळात पैसे घालणे म्हणजे जुगार. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ही भीती वाटते याचे मला आश्चर्य वाटत नाही. मोबाइलवरच्या रमीने किती घरांची भांडी बाजारात नेली हे त्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो उगाच नव्हे. परंतु तिथे माणूस पैसे लावतो ते दुसऱ्याचे पैसे जिंकण्यासाठी. इथे आपण पैसे देतो ते एक वस्तू निर्माण व्हावी म्हणून. दोन्हींना ‘खेळ’ हा एकच शब्द आहे एवढ्यावरून दोन्ही एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसे आधी आणि वस्तू नंतर, मध्ये भरवसा कुणाचा? रायगड जिल्ह्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली आणि हजारो ठेवीदारांची पुंजी अडकली, ही गोष्ट इथे अजून घरोघर बोलली जाते. घरांच्या बुकिंगची रक्कम घेऊन वर्षानुवर्षे ताबा न देणाऱ्यांची प्रकरणे देशभर इतकी झाली, की २०१६ साली त्यासाठी वेगळा ‘रेरा’ कायदा करावा लागला. खेळांच्या वर्गणीतही असे घडते. ‘फ्रॉस्टहेवन’ची पेटी २०२१ च्या मार्चमध्ये मिळेल असे सांगितले होते, ती लोकांच्या हाती पडायला २०२२ ची अखेर उजाडली. काही निर्मात्यांनी मध्येच कागद महागला, जहाजाचे भाडे वाढले म्हणून आणखी पैसे मागितले, आणि काही पेट्या तर कधीच आल्या नाहीत. यांतले पुष्कळसे खेळ चीनमध्ये छापले जातात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरची जकात १४५ टक्क्यांपर्यंत नेली तेव्हा छोट्या निर्मात्यांचे सारे हिशेब कोसळले. पुढे ती उतरली, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. किकस्टार्टर स्वतःच सांगते की आम्ही दुकान नाही. म्हणजे वर्गणी देणारा हा गिऱ्हाईक नसतो, तो जोखमीतला भागीदार असतो. हे ज्याला पटत नाही त्याने दुकानातच जावे, त्यात कमीपणा काही नाही.

पण जोखीम आहे म्हणून कुणी कधी वर्गणी दिलीच नसती तर काय झाले असते, याचाही विचार करावा. बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेले की तळेगाव लागते. तिथला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तो अंताजी दामोदर काळे यांनी चालवलेल्या फंडातून. माणशी एक पैसा मागायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा, अशी ती कल्पना. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी कंपनी काढून भाग विकले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले, म्हणून मराठीत तेवीस खंडांचा ज्ञानकोश झाला. ज्यांनी आधी पैसे मोजले त्यांच्यापुढे तेव्हा एकही खंड नव्हता; केतकरांचा शब्द तेवढा होता. १९७६ चा ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. त्याच्या पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते आणि पडद्यावर स्मिता पाटील होत्या. तेव्हा ‘क्राउडफंडिंग’ ही परदेशातून आलेली नवलाई आहे असे म्हणण्याचे कारण नाही. नाव परके आहे, रीत आपल्या घरची आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त बोचतो. आमच्या पेटीची किंमत ५,४०० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका पेटीत सतरा दिवसांची मजुरी. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तांदूळ, कपडे आणि पैसे चहूकडून आले. वर्गणी द्यायची तर अशा कामाला द्यावी, खेळाला कसली, असे कुणी म्हटले तर त्याला उलट उत्तर देऊ नये. परंतु एवढे मात्र म्हणावेसे वाटते, की ज्यांच्याकडे थोडे आहे त्यांनी फक्त गरजेपुरते जगावे आणि आनंद ज्यांच्याकडे पुष्कळ आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावा, हा नियम कुणी केला? शनिवार-रविवारी आमच्यापैकी तिघी फार्महाऊसवर जेवण वाढायचे काम करतात. त्या कष्टातले नऊशे रुपये हसण्यासाठी बाजूला काढणे ही उधळपट्टी आहे असे मला वाटत नाही. फक्त ती पेटी सहा जणींच्या कपाटात कुलूपबंद राहिली तर तो आक्षेप खरा ठरेल. म्हणून आम्ही ठरवले आहे, की पेटी आली की ती कॉलेजच्या जिमखान्यात ठेवायची. तिथे कॅरम आहे, बुद्धिबळ आहे. त्यांच्या शेजारी तिला जागा मिळावी अशी आमची जिमखाना विभागाला विनंती आहे. सहा जणींचे पैसे आणि सहाशे जणांचा खेळ, एवढे झाले तर सतरा दिवसांच्या मजुरीचा भार मनावर राहणार नाही.

आपल्या वर्गणीच्या रीतीत एक गोष्ट अशी आहे, की ती या नव्या रीतीने शिकावी. सप्ताह संपला की देवळाच्या फळ्यावर हिशेब लागतो. मंडपाचे किती, आचाऱ्याचे किती, शिल्लक किती, सारे गाव वाचते आणि चुकले असेल तर चारचौघांत विचारते. माझी आई बचत गटात आहे. तिचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, पण दर महिन्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचून झाल्याशिवाय ती अंगठ्याऐवजी शिकलेली आपली सही करत नाही. मी तिला आमच्या खेळाबद्दल सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, “वही कोण वाचून दाखवतं?” मला वाटते, कुठल्याही क्राउडफंडिंगला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. चांगले निर्माते दर महिन्याला पत्र पाठवतात, छपाई कुठवर आली, पैसे कशावर गेले ते सांगतात. जे सांगत नाहीत त्यांना पुन्हा वर्गणी देऊ नये. तसेच त्या माणसाने आधी काही तडीस नेले आहे का ते पाहावे, आणि बुडाले तरी महिन्याची फी किंवा रेल्वेचा पास अडणार नाही एवढीच रक्कम द्यावी. हे तीन नियम पाळले तर भीतीचे कारण उरत नाही.

आमच्या पिढीला धीर नाही, सारे काही दहा मिनिटांत दारात हवे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु हीच पिढी एका पेटीची वर्षभर वाट पाहते, हेही ध्यानात घ्यावे. आपण भाताच्या मुलखातली माणसे आहोत. राब भाजायचा, पेरायचे, लावणी करायची आणि दिवाळीच्या सुमारास कापायचे. आपल्या कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेले ‘कर्जत-३’सारखे वाण कोकणभर पिकतात, तेही एका दिवसात तयार झालेले नाहीत. वाट पाहण्याची आपल्याला सवय आहे. ती मोडू नये.

शेवटी एक विचार मित्रमैत्रिणींपुढे ठेवते. जग आज जे पटावरचे खेळ खेळते त्यांतले काही आपल्याच अंगणातून गेले. सोंगट्यांचा पट परदेशी जाऊन आला तो ‘लुडो’ होऊन. इंग्लंडात त्याचे पेटंट १८९६ साली घेतले गेले. ज्याचे नाते परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट ‘सापशिडी’ होऊन आला, आणि येताना त्यातले पाप-पुण्य कुठेतरी गळून पडले. सावंतवाडीची गंजिफा, दहा अवतारांची १२० गोल पाने, राजघराण्याने पुन्हा चितारी बसवून रंगवून घेतली म्हणून वाचली. आपण मात्र आपलेच खेळ विकत घेतो आणि नवा एकही रचत नाही. मराठीत खेळ का होऊ नये? शेवटची कर्जत लोकल, पावसात बंद पडलेला घाट, विकली गेलेली शेतजमीन आणि तिच्यावर उभे राहिलेले फार्महाऊस, त्यातच नोकरीला लागलेला मूळ मालकाचा मुलगा. या मालमसाल्यातून एक उत्तम खेळ होईल, आणि ‘शासन’इतकाच तो खेळणाऱ्याला अस्वस्थ करील. चित्रे काढणारे आपल्या वर्गात आहेत, नियम लिहिणारे आहेत, आणि भांडवलासाठी पावतीपुस्तक कसे फिरवावे हे तर आपल्याला लहानपणापासून येते.

येत्या वर्षात आमची पेटी येईल. ती वेळेवर आली तर आनंदच, उशिरा आली तर थांबू. ज्यांना वणवा विझवायला यायचे असेल त्यांनी जिमखान्यात जरूर यावे. प्राध्यापकांनाही आग्रहाचे आमंत्रण आहे. आणि त्यानंतर कुणी आपल्या तालुक्याचा खेळ रचायला बसणार असेल, तर माझे नऊशे रुपये त्यालाही राहतील. फक्त वही वाचून दाखवावी लागेल.