परदेशी पाठवा, पण हातातलं काम घेऊन

दिल्लीत बाडा हिंदूराव, मलकागंज, कमलानगर, मुखर्जीनगर या भागात राहणारी मराठी घरं आणि इथे खोली घेऊन शिकणारी मराठी मुलंमुली यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या नावाने बाडा हिंदूराव हा परिसर ओळखला जातो ते हिंदूराव कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या टेकडीवर कोठी बांधली होती. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे ती कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. आज तिथे महापालिकेचं हिंदूराव रुग्णालय आहे. म्हणजे या भागाशी मराठी माणसाचं नातं पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनं आहे. तो सरदार म्हणून आला, मग सरकारी नोकर म्हणून आला, आता स्पर्धा परीक्षेचा उमेदवार म्हणून येतो. स्वतःच्या कलेवर धंदा उभा करायला येणारे मात्र अजूनही थोडे आहेत, आणि ती उणीव भरून निघावी असं मला मनापासून वाटतं.

ज्यांच्या हातात कला आहे अशी मुलं घरोघरी आहेत. कुणी ॲनिमेशन करतं, कुणी दागिन्यांची रेखाटनं काढतं, कुणी मातीत काम करतं, कुणी केक-पेस्ट्रीत रमतं. अशा मुलाबद्दल आईवडिलांच्या मनात दोनच विचार येतात. एक, छंद म्हणून ठीक आहे, आधी नोकरी बघ. दुसरा, एवढं अंगात आहे तर कर्ज काढून बाहेर पाठवू, तिकडून शिकून आला की मार्गी लागेल. पहिल्या विचाराने मुलाची उमेद जाते. दुसऱ्याने घराची पुंजी जाते, आणि पुष्कळदा मूल मार्गीही लागत नाही.

परदेशी प्रशिक्षणाच्या मी विरोधात नाही. उलट ते जास्त मुलांना मिळावं असंच मला वाटतं. पण त्याचा उपयोग कुणाला होतो? जो आधी इथे काम करून कुठेतरी अडलेला आहे, नेमकं काय शिकायचं हे ज्याला ठाऊक आहे आणि परत आल्यावर काम सुरू करायला ज्याच्यासाठी पैसे राखून ठेवलेले आहेत, त्याला.

याचं आपल्याकडचं सर्वांत चोख उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. त्यांची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. ती तयारीची गोष्ट म्हणून वाचायला हवी. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले तेव्हा ४१ वर्षांचे होते. त्याआधी मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय झालं होतं, बडोद्याचं कलाभवन झालं होतं, गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करून झाला होता, पुरातत्त्व खात्यातली नोकरी करून सोडली होती. ब्लॉक करणं आणि रंगीत छपाई यांत त्यांचा हात बसला होता. छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले होते. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी लगेच बोट पकडली नाही. आधी महिनोन्‌महिने मिळतील ती चित्रं पाहिली, यंत्रांच्या किमतीच्या याद्या मागवल्या, घरी प्रयोग केले. त्या ताणाने डोळे बिघडले, त्यावर उपचार घ्यावे लागले. प्रवासाचा पैसा विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उभा केला.

लंडनमध्येही ते कुणी शिकवील या आशेवर फिरले नाहीत. 'बायोस्कोप' नावाचं चित्रपट व्यवसायाचं साप्ताहिक ते इथे बसून वाचत होते. त्याच्या कचेरीत जाऊन ते संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी, या धंद्यात पडू नका, असंच सांगितलं. फाळक्यांची माहिती आणि निश्चय पाहून मग त्यांनीच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत फाळक्यांनी चित्रीकरणाचं काम जवळून पाहिलं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र यांची व्यवस्था केली आणि १ एप्रिलला ते मुंबईत परतले. बोटीचा जाण्यायेण्याचा प्रवास धरून सगळे मिळून दोन महिने! प्रत्यक्ष शिकणं त्याहून पुष्कळ कमी दिवसांचं. पण वीस वर्षांचं काम पाठीशी असल्यामुळे ते तेवढ्यात शिकू शकले. तेच दोन महिने कोऱ्या हाताने गेलेल्या माणसाला मिळाले असते तर तो लंडन पाहून परत आला असता.

परतल्यावर त्यांनी काय केलं, हे आजच्या मुलांनी नीट पाहावं. भांडवल नव्हतं आणि कोरडे शब्द ऐकून पैसे देणारं कुणी नव्हतं. म्हणून कुंडीत वाटाण्याचं बी लावून त्याच्या वाढीची चित्रं त्यांनी रोज टिपली आणि अंकुर डोळ्यांदेखत वर येताना दिसेल अशी छोटी फिल्म केली. ती पाहिल्यावर पैसा मिळाला. म्हणजे त्यांनी पैसेवाल्यापुढे आधी नमुना ठेवला, मागणी नंतर केली. दादरच्या घरात स्वयंपाकघर, प्रयोगशाळा आणि कचेरी एकत्रच नांदत होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तिथल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक उरकून रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत, धुलाईत मदत करत. ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. लंडनहून परतल्यापासून तेरा महिन्यांत! सरस्वतीबाईंनी साथ दिली नसती तर लंडनला शिकलेलं तिथेच राहिलं असतं, असं मी ठामपणे म्हणेन. घरच्यांनो, तुमचा वाटा नेमका इथे आहे.

कुणी म्हणेल, आम्हाला बाहेर पाठवणं परवडतच नाही. त्यांच्यासाठी कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत. ते कुठेही गेले नाहीत. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. बाहेर जाणं हा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही. पैसा नसला म्हणून कुणी खट्टू होऊ नये.

आता दिल्लीतल्या आपल्या माणसांकडे येतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक देशभर गेले, तसे दिल्लीतही आले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम भट्टीच्या धगीपुढे बसून पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी केलं. या घरांतल्या मुलांना सोन्याचा कस, घट, तोळा-मासा लहानपणापासून कळतो. पण दागिन्याची घडण आणि तिचा मोबदला दुसऱ्याकडे जातो. या मुलांपैकी ज्यांचा हात चित्रात चालतो त्यांनी दागिन्यांच्या डिझाइनकडे वळावं, असा माझा आग्रह आहे. जर्मनीत फोर्झहाइम नावाचं गाव अठराव्या शतकापासून दागिने आणि घड्याळांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे सोनारकामाची जुनी नावाजलेली शाळा आहे. सोनं ओळखणारा मुलगा किंवा मुलगी तिथे गेली तर पहिल्या दिवसापासून बरोबरीने उभी राहील. धातू आपल्या अंगवळणी असतो, शिकायचं असतं ते आकाराचं, जडणघडणीचं आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचं.

जर्मनीचं नाव काढलं, कारण तिथली 'आउसबिल्डुंग' पद्धत आपल्या मध्यमवर्गीय घरांना माहीत असायला हवी. यात आठवड्यातले काही दिवस कारखान्यात किंवा कार्यशाळेत काम आणि काही दिवस शाळा असते. मुदत साधारण दोन ते साडेतीन वर्षांची. उमेदवाराला मालक महिन्याला पैसे देतो. अट मुख्यतः भाषेची, साधारणपणे बी-१ पातळीची. याउलट तिथे पदवीला जायचं तर विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, आणि रुपयांत तो अकरा लाखांच्या वर जातो. दोन्हींतला फरक नीट समजून घेतल्याशिवाय घर गहाण टाकू नका. भाषा शिकायला आपल्याला लांब जायला नको. जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन कस्तुरबा गांधी मार्गावर आहे, आपल्या भागातून मेट्रोने जाऊन येण्यासारखं. जपानी शिकवणारं जपान फाउंडेशन लाजपतनगरला आहे, फ्रेंच शिकवणारं अलियान्स फ्रान्सेज लोधी इस्टेटला. महाराष्ट्रातली मुलं ज्यासाठी गाव सोडून शहरात राहतात ते दिल्लीच्या मुलांना घरातून निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर आहे. या सोयीचा फायदा आपण घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

वय कमी असेल तर 'इंडिया स्किल्स' स्पर्धेकडे बघा. मे २०२४ मध्ये तिची राष्ट्रीय फेरी द्वारकेच्या यशोभूमीत झाली. तिथून निवडलेली मुलं सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये ल्याँ इथे जागतिक स्पर्धेला गेली आणि भारताला चार कांस्यपदकं मिळाली. त्यांतलं एक पेस्ट्री आणि मिठाईकामातलं होतं. ग्राफिक डिझाइन, दागिने, फॅशन, दुकानाची मांडणी, खेळांसाठीची त्रिमिती कला असे विषय यात असतात. बहुतेक विषयांना वयोमर्यादा २२ ची आहे, त्यामुळे बारावीनंतर लगेच तयारीला लागायला हवं. निवड झाली तर घरचा पैसा न लावता जागतिक दर्जाचं शिक्षण मिळतं. वय थोडं जास्त असलेल्या, काम करून दाखवलेल्या कलाकारांसाठी ब्रिटनमधल्या अल्प मुदतीच्या भेटींना चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट मदत करतो. 'काय केलंत ते दाखवा,' हा अशा ठिकाणी पहिला प्रश्न असतो. म्हणून मुलाच्या कामाची वही, फोटो, विकलेल्या वस्तूंचा हिशेब आजपासून जपून ठेवा.

एजंटांबद्दल थोडक्यात. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याची नोंद पाहता येते. नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि दिल्लीच्या हॉटेलात दोन दिवस बसवून 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' देणाऱ्या शिबिराला एक रुपयाही देऊ नका.

पैशाबद्दल माझा सल्ला सरळ आहे. जेवढी रक्कम उभी करणार असाल तिचे दोन भाग करा. एक भाग शिक्षणाला, दुसरा परत आल्यानंतरच्या दोन वर्षांना. या दुसऱ्या भागाला हात लावायची वेळ येत असेल तर ते प्रशिक्षण आपल्या ऐपतीबाहेरचं आहे असं समजा आणि लहान मुदतीचं शोधा. शिकून आलेल्या मुलाला पहिल्या सहा महिन्यांत घरभाड्यासाठी मिळेल ती नोकरी धरावी लागली, तर शिकलेलं हातातून निसटतं. धंद्यासाठी मुद्रा कर्ज आहे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत, आणि तेही तारणाशिवाय. हाताने काम करणारे सोनार, मूर्तिकार, कुंभार, खेळणी बनवणारे अशा अठरा व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के दराने कर्ज मिळतं. माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. त्याची फी ५०० रुपये आहे आणि अर्ज घरबसल्या करता येतो.

कच्च्या मालासाठी तर आपण खाणीवरच बसलो आहोत. आझाद मार्केटला जाडं कापड आणि ताडपत्री, सदर बाजारात खोकी, मणी, पॅकिंग, खेळण्यांचे भाग, चावडी बाजारात कागद आणि पितळ, किनारी बाजारात लेस आणि गोटा, दरीब्यात चांदी. बाडा हिंदूरावपासून सारं हाकेच्या अंतरावर. मुलाला बाहेर पाठवण्याआधी सहा महिने या बाजारांत फिरू द्या. भाव विचारू द्या, शंभर नग बनवून विकू द्या, नफा नाही झाला तरी चालेल. कोणता माल कुठे अडतो हे त्याला कळलं, की परदेशात काय विचारायचं तेही आपोआप कळतं.

आणखी एक गोष्ट फाळक्यांच्याच आयुष्यातून. १९१८ मध्ये त्यांनी भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. कलेचा जाणकार एका बाजूला आणि पैसा लावणारे दुसऱ्या बाजूला, असे मतभेद झाले. ते कंपनी सोडून काशीला गेले, काही वर्षांनी परत आले, पण पूर्वीचं स्थान पुन्हा मिळालं नाही. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांची परिस्थिती हलाखीची होती. एवढा मोठा माणूस, कलेत कुठेही कमी नव्हता. म्हणून म्हणतो, मुलांना करारपत्र वाचायला शिकवा. भागीदारीत कुणाचा किती हिस्सा, डिझाइनचा हक्क कुणाचा, बाहेर पडायचं तर कसं, हे कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. मित्राबरोबर धंदा करतानाही लिहिलेलं असलं पाहिजे. परदेशी अभ्यासक्रम निवडताना त्यात हिशेब, किंमत ठरवणं आणि हक्क यांचं शिक्षण आहे की नाही हे आधी विचारा. नसेल तर तो कलेचा अभ्यासक्रम आहे, उद्योजकतेचा नाही.

दिल्लीतल्या मराठी मंडळांना एक विनंती आहे. गणेशोत्सवात सांस्कृतिक कार्यक्रमाशेजारी दोन टेबलं आपल्या भागातल्या मुलांच्या मालासाठी मोफत द्या. वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून दर वर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या भाषेच्या वर्गाची फी भरा. आणि जी मुलं बाहेर शिकून आली आहेत त्यांना एका रविवारी बोलवून खर्च, अडचणी, फसगत सगळं मोकळेपणी सांगायला लावा. आईवडिलांनो, तुमच्या मुलाची कामाची वही आज रात्री मागून घ्या, त्याच्या शेजारी बसून ती पानापानाने बघा आणि त्याला विचारा, 'तू अडला आहेस कुठे?'