दोघांच्या गप्पा, तिसऱ्याचे कान



कामावरून आलेला मुलगा कानात इयरफोन घालून जेवतो आणि मध्येच एकटाच हसतो, अशी तक्रार हल्ली पुष्कळ माता-भगिनी करतात. विचारले तर म्हणतो, "पॉडकास्ट ऐकतोय." हे काहीतरी नवे व्यसन असावे असे आईला वाटते. म्हणून या आठवड्यात त्याविषयी लिहितो.

पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच कार्यक्रम. फरक इतकाच की त्याला आकाशवाणीचे केंद्र लागत नाही आणि ठरलेली वेळही नसते. मोबाईलवर पाहिजे तेव्हा लावावा. हा शब्द इंग्लंडच्या 'गार्डियन' या वृत्तपत्रात २००४ साली छापून आला आणि तिथून रूढ झाला. त्यात दोन मित्रांच्या गप्पांचा प्रकार फार चालतो. अमेरिकेत सेठ रोमाटेली आणि जोनाथन लॅरोकेट या दोन मित्रांनी २००६ साली असा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात कथा नाही, नाटक नाही, गाणे नाही. दोघे समोरासमोर बसून बातम्यांवर आणि रोजच्या जगण्यावर बोलतात, एकमेकांची टर उडवतात, आणि लोक वर्षानुवर्षे ऐकतात. आपल्याकडे २०१६ साली जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि हा प्रकार वस्तीपर्यंत पोहोचला. मराठीत ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचे 'अमुक तमुक' पुष्कळ तरुण ऐकतात. ते पाहुणे बोलावून मन, नाती अशा विषयांवर बोलतात, विनोद तोंडी लावण्यापुरता असतो.

खर्चाचे म्हणाल तर, नुसता आवाज ऐकला तर तासाला साधारण ३० ते ६० एमबी जातात. चित्रासकट पाहिले तर त्याच्या कितीतरी पट. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर आठ-आठ, बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराने घरी येऊन तासभर कुणाच्या गप्पा ऐकल्या तर त्याला व्यसन म्हणू नये. त्याचे वडील हातभट्टीच्या गुत्त्यावर बसत होते, तेही आठवावे.

पण ही कला अमेरिकेची, असे कुणी म्हणाले तर मात्र हसू येते. आपल्या तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते, ती दुसरे काय आहे? दोघे उभे राहतात. एक शहाण्यासारखे बोलतो, दुसरा मुद्दाम चुकीचे ऐकतो आणि त्याचा शब्द उलटा फिरवतो. या दुसऱ्यावाचून विनोद होत नाही. एकटा माणूस बोलला की भाषण होते. दोघे बोलले की ऐकणारा आपोआप तिसरा होऊन त्यांच्यात बसतो. पॉडकास्टवाल्यांचे सारे भांडवल एवढेच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू आठवा. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. वडील आणि चुलते यांचा शिवा-संभा कवलापूरकर हा फड, त्यातच दोघे वाढले. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी दोन हवालदार रंगवले आणि त्या हवालदारांची नावेच त्यांना जन्मभर चिकटली. आयुष्याचा मोठा काळ हे दोघे तेच हवालदार करत गावोगाव फिरले आणि लोकांनी पुन्हा पुन्हा तिकीट काढून तेच पाहिले. आता विचार करा, तंबूत पुढे बसणारा माणूस कोण? शेतमजूर, हमाल. त्याच्या दारात खाकी कपडा आला की त्याची बोबडी वळायची. आणि इथे तोच हवालदार एकसारखा दिसणारा, एकसारखा घाबरणारा, अकलेने अर्धा असा त्याच्यासमोर उभा! त्या हसण्यात नुसती करमणूक नव्हती. रात्रभर का होईना, भीती खिशात घालून ठेवता येत होती.

आपल्या जलशांनी तर याच्या पुढचे पाऊल टाकले. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. (वामनदादा कर्डक वेगळे, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. तरुण मंडळी दोघांची गल्लत करतात.) त्यांनी तमाशाचा बाज ठेवला, पण शृंगाराची गवळण बाजूला सारली. गाण्यांच्या मध्ये संवाद असत, फार्स असे. एक जुन्या रूढीला चिकटलेला, दुसरा शाळेची पायरी चढलेला, आणि दोघांची जुंपलेली. हसता हसता मेलेल्या जनावराचे मांस का सोडायचे, सावकाराच्या वहीवर अंगठा देण्याआधी काय विचारायचे, हे ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्याही डोक्यात शिरत होते. बाबासाहेबांच्या चळवळीचा निरोप जिथे वर्तमानपत्र जात नव्हते तिथे ढोलकी घेऊन गेला.

म्हणून मुलगा काय ऐकतो याची चौकशी करताना एकच विचारावे, की त्या गप्पांत हसतात कुणाला? हवालदाराला, सावकाराला, पुढाऱ्याला, की स्वतःलाच? की झाडूवालीला, काळ्या रंगाला, गावंढळ बोलीला, सवलतीवर शिकलेल्या पोराला? हा प्रश्न पोकळ नाही. मे २०२१मध्ये नट रणदीप हुडा यांची काही वर्षांपूर्वीची एक ध्वनिचित्रफीत पुन्हा बाहेर आली. त्यात मायावतींवर केलेला विनोद इथे छापण्याच्या लायकीचा नाही. समोरचे श्रोते त्यावर हसले होते. ओरड झाली तेव्हा स्थलांतरित वन्यप्राण्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारसंस्थेने त्यांना राजदूतपदावरून दूर केले. त्याच महिन्यात विनोदवीर अबीश मॅथ्यू यांनी मायावतींवरच्या आपल्या जुन्या मजकुराबद्दल माफी मागितली. म्हणजे इतकी वर्षे ते विनोद तसेच पडून होते आणि कुणाला खटकले नव्हते. मोबाईलवर केलेला विनोद हवेत विरत नाही, हा त्यातला एक फायदाच म्हणायचा.

मला स्वतःला या गप्पांत एक गोष्ट फार खटकते. बहुतेकांची मराठी पुण्या-मुंबईची. "काहून", "करायलो", "जायलास" हे शब्द आले की समजावे, आता कुणाची तरी नक्कल होणार आहे. परतूर-अंबडकडचा माणूस म्हणजे हसण्याचे पात्र! आमचा भाचा मला म्हणाला, "मामा, आपल्यासारखं बोलणारे दोघं बसले तर कोण ऐकंल?" मी त्याला म्हटले, काळू-बाळूंना कुणी शुद्ध मराठी बोलायला लावले होते का? तो हसला, पण पटल्यासारखा दिसला नाही. नोकरीच्या मुलाखतीत बोलीवरून त्याला एकदा लागेल असे ऐकावे लागले आहे. त्यामुळे त्याच्यावर रागावण्यातही अर्थ नाही.

एक मात्र त्याने केले. गेल्या महिन्यात एका थकलेल्या जलसाकाराच्या घरी तो आणि त्याचा मित्र गेले आणि मोबाईल मध्ये ठेवून दोन तास बसले. बाबा गाणी विसरले आहेत, पण संवाद पाठ आहेत. एक वाक्य बाबा म्हणत आणि उलटे उत्तर पोरांना विचारत. पोरांना येईना, की बाबा काठी आपटून हसत. ध्वनिमुद्रणात काठीचाच आवाज जास्त आहे. आता पुढच्या वेळी काठीखाली गोधडी टाकायची ठरले आहे.

ज्यांच्या घरी जलशाच्या संवादांच्या जुन्या वह्या असतील, किंवा कुणा वृद्धाला ते पाठ असतील, त्यांनी या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. वही देऊ नये, ती घरातच राहू द्यावी. आमची पोरे येऊन उतरवून घेतील.