कर्णधारपदाचा मान

खेळाडूचे धावा-बळी मोजता येतात. नेतृत्वाची योग्यता मोजण्याचे माप मात्र नाही. ती निवडणाऱ्यांच्या मनावर अवलंबून असते, आणि समाजाचे पूर्वग्रह नेमके तेथेच दडून बसतात. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाने आपला पहिला कसोटी सामना १८९१ साली खेळला. त्या संघाला पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार लाभला तो २०१८ साली. झ्विडे या गरीब वस्तीत वाढलेल्या सिया कोलिसीने २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांवर आपल्या संघाचे नाव कोरले, तेव्हा साऱ्या जगाने त्याचे कौतुक केले. ते यथायोग्यच होय.

तथापि हा प्रश्न आमच्या अंगणातही उभा राहिला होता, याचे विस्मरण आम्हांस शोभणारे नाही. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत आणि तेथील साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. असा गोलंदाज हिंदू संघास हवा होता. पण चहाच्या वेळी त्याच्यासाठी पेला वेगळा, आणि जेवणाचे पानही वेगळे! कर्णधारपद तर त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली मोठ्या वादानंतर उपकर्णधारपद तेवढे पदरी पडले. अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार झाले. युरोपियन संघाचा पराभव होताच प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. ज्यांच्या पंगतीला बसणे कालपर्यंत वर्ज्य होते, त्यांना खांद्यावर घेण्यास कोणाचीच हरकत उरली नाही.

या दोन्ही कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गुणाला प्रथम मैदान लागते, आणि मग न्यायी निवड. बाळूंना मैदान मिळाले ते चाकरीच्या निमित्ताने. कोलिसीला मिळाले ते बाराव्या वर्षी एका नामांकित शाळेने दिलेल्या शिष्यवृत्तीमुळे. पुण्याहून मुंबईस येणारी आगगाडी बोरघाट उतरताना ठाकुरवाडीजवळून जाते. कर्जत-खालापूरच्या त्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी मुले कड्याकपारींतून लीलया धावत असतात. त्यांच्या पायांत बळ आहे, छातीत दम आहे. अशा वाड्यांतील किती मुलांना सपाट मैदान, खेळाचा शिक्षक आणि तालुक्याच्या सामन्यांस जाण्यापुरते गाडीभाडे मिळते, हा प्रश्न शहरातील सुखवस्तू वाचकांनी स्वतःस विचारावा.

आमची सूचना साधी आहे. शासनाने आणि क्रीडासंस्थांनी आदिवासी वस्त्यांतील शाळांना या तीन गोष्टी प्रथम पुरवाव्यात. बक्षीस-समारंभांचा थाट मागाहून. आणि अशी मुले संघात आली म्हणजे त्यांचा वेग वापरून घेण्यातच समाधान मानू नये. त्यांच्यातील योग्य मुलाच्या हाती संघाची सूत्रेही द्यावीत. पराक्रम त्यांचा आणि नेतृत्व आमचे, ही वाटणी बाळूंच्या वाट्याला आली होती. शंभर वर्षांनंतर तीच वाटणी नव्या नावाने चालू राहिली, तर १९२३ चा तो जयजयकार फुकट गेला असेच म्हणावे लागेल.