वास्तू टिकली, पण दार कुणासाठी उघडे?

इंग्लंडमधील उमरावांच्या ग्रामीण प्रासादांना विसाव्या शतकात घरघर लागली. १८९४ मध्ये वारसांच्या मालमत्तेवर लागू झालेल्या कराचे दर पुढे चढत गेले, शेतीचे उत्पन्न घटले, नोकरचाकर मिळेनासे झाले. शेकडो प्रासाद पाडले गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी हॉटेलचा आधार घेतला. हा आधार कोणत्या अटींवर घेतला जातो, यावर वारशाचे भवितव्य कसे ठरते, हे बकिंगहॅमशायरमधील दोन वास्तूंवरून दिसते.

पहिली थेम्सकाठची क्लाइव्हडन. सध्याची इमारत वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्या आराखड्यानुसार १८५१ मध्ये उभी राहिली. १८९३ मध्ये ती अ‍ॅस्टर घराण्याकडे आली. ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष आसन ग्रहण करणाऱ्या पहिल्या महिला खासदार नॅन्सी अ‍ॅस्टर या इथल्याच गृहस्वामिनी. युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना १९६३ मध्ये पायउतार व्हायला लावणाऱ्या प्रकरणाची सुरुवातही १९६१ मध्ये येथील जलतरण तलावापाशी झाली.

या वास्तूच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र १९४२ चे. त्या वर्षी अ‍ॅस्टर कुटुंबाने ही मालमत्ता देखभालीच्या निधीसह नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेला दिली आणि स्वतःकडे केवळ वास्तव्याची मुभा ठेवली. १९८० च्या दशकात तेथे आलिशान हॉटेल सुरू झाले, तेही भाडेकरू म्हणून. त्यामुळे खोलीचे भाडे न परवडणारा सामान्य माणूसही तिकीट काढून बागेत फिरू शकतो.

जवळच्याच स्टोक पार्कची कथा वेगळी. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांचे नातू जॉन पेन यांची ही वास्तू १९०८ पासून क्लब, पुढे हॉटेल व गोल्फचे मैदान म्हणून ओळखली गेली. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या रिलायन्स समूहाने ती ५ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतली. त्याच वर्षी नूतनीकरणासाठी तिचे दरवाजे बंद झाले.

दोन्ही वास्तूंना कायद्याने सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण आहे. परंतु हा कायदा भिंती जपतो. त्या पाहण्याचा हक्क लोकांना देत नाही. तो हक्क क्लाइव्हडनला दानपत्राने मिळवून दिला. स्टोक पार्कमध्ये तो मालकाच्या मर्जीवर आहे. वारसा वास्तू हॉटेलसाठी देताना मालकी कुणाकडे राहणार, हा प्रश्न म्हणूनच आधी सुटायला हवा.