मुदतपूर्व बालकाचे दूध

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकांच्या आतड्याच्या रोगाची चर्चा राजकीय साप्ताहिकात कशाला, असे एखादा वाचक विचारील. डॉक्टर या रोगास ‘एनईसी’ म्हणतात. सात-आठ महिन्यांच्या बालकाचे आतडे अपक्व असते. त्याला सूज येते, जंतू भिंतीत शिरतात आणि आतड्याचा भाग सडू लागतो. पोट फुगते, शौचातून रक्त पडते. अशा वेळी तोंडाने दूध देणे थांबवून प्रतिजैविके देतात. आतड्याला छिद्र पडलेच तर शस्त्रक्रिया करतात. एवढे करूनही अनेक बालके दगावतात.

रोगाची कारणे गुंतागुंतीची आहेत. परंतु त्यापासून रक्षण कशाने होते, हे पुष्कळ अंशी ठाऊक आहे. लुकास व कोल यांनी ब्रिटनमधील ९२६ मुदतपूर्व बालकांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. केवळ डब्याच्या दुधावर वाढविलेल्या बालकांत हा रोग केवळ स्त्रीच्या दुधावर वाढविलेल्यांच्या सहा ते दहा पट आढळला. हे वाचले की प्रश्न वैद्यकापुरता उरत नाही. बालक कित्येक आठवडे काचेच्या पेटीत राहते, आईला मात्र घरी पाठविले जाते. ऊसतोडणीवरच्या किंवा बांधकामावरच्या बाईने रोज रुग्णालयात यावे कसे, राहावे कोठे, आणि बुडालेली मजुरी भरून कोणी द्यावी? २०१७ च्या दुरुस्तीने आलेली २६ आठवड्यांची पगारी रजा तिच्या वाट्याला आलीच नाही. वेळोवेळी दूध काढले नाही तर ते आटते. मग ‘बाईला दूधच नाही’ असा शेरा मारून डबा उघडायला सगळे मोकळे!

मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. आणि ती निघाली सार्वजनिक रुग्णालयात, हे विशेष. अशा पेढीत दात्या मातेची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गोठविले जाते. आईच्या स्वतःच्या दुधाची सर त्याला नाही, पण डब्याहून ते कितीतरी सुरक्षित. बाजाराची नजर येथेही पोचलीच. मानवी दुधाची विक्री थांबवा, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४ साली बजावावे लागले.

जिल्हा रुग्णालयात रुग्णांच्या कामासाठी आपले कार्यकर्ते नेहमी जातातच. त्यांनी नवजात कक्षातही डोकवावे. येथे दुग्धपेढी आहे काय, आईला राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय आहे काय, दूध काढायला आडोसा आहे काय, हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.